खतपेटीचा दांडा जाम, बूड कुजलं: पाच फणी पेरणी यंत्र दुरुस्त करावं की भंगारात घालावं?

चाडंवाली (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला तर माफ करा. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवटच येतात, म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडं ट्रॅक्टरचं पाच फणी पेरणी यंत्र आहे, बी आणि खत एकदमच पेरणारं. दोन ओळींत अठरा इंच. सासऱ्यांनी २००८ साली घेतलं. पुढं खताची पेटी, मागं बियाण्याची. प्रत्येक पेटीच्या बुडाला पाच वाट्या, वाटीत खाचांचा अल्युमिनियमचा रोलर, वाटीखाली फणाकडं जाणारी नळी, सगळ्या रोलरमधून एक चौकोनी दांडा. बाजूचं लोखंडी चाक जमिनीवर फिरलं की चैनीनं दांडा फिरतो. एवढं मला समजतं. उघडून पाहिलंय.

या जूनमध्ये सोयाबीन पेरताना शेवटचं दीड एकर राहिलं आणि पाऊस आला. यंत्र ओढून पडवीला लावलं, वर ताडपत्री टाकली. खताच्या पेटीत घमेलंभर खत होतं, डीएपी आणि त्यात थोडा युरिया. उद्या काढू, उद्या काढू करत गौरी-गणपती उरकले. चूक कुणाची विचारू नका, माझीच.

आता ताडपत्री काढली तर खताचा दगड झालाय. तासणीनं खरवडून वरचं काढलं. दांडा मात्र हलत नाही. चाक हातानं फिरवलं की चैन चक्रीवरून कडाकडा उड्या मारते, दांडा जागचा जागी. बूड दोन ठिकाणी पापडासारखं झालंय, चार नंबरच्या वाटीजवळ तर बोट आरपार जातं. बियाण्याची पेटी ठीक आहे.

गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बघून हात झटकले. म्हणाला, हा पत्रा नाही, गंज आहे, याला रॉड लावला की भोक मोठंच होणार. भंगारात घाला. आमच्या ह्यांचं मत तेच. पुतण्या म्हणतो भाड्यानं पेरून घेऊ. पण हरभऱ्याच्या घातीला भाड्याचं यंत्र आपल्या रानात कधी येतं ते मी मागच्या दोन वर्षांत बघितलंय. ओल उडून गेल्यावर येतं.

अजून एक. संबंध आहे की नाही ठाऊक नाही. यंदा सोयाबीनमध्ये काही ओळी बुटक्या राहिल्यात. कीड नाही, पिवळा मोझॅक नाही. नुसत्या बुटक्या, शेंगाही कमी, आणि बांधापासून बांधापर्यंत सरळ गेलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरी बैलांची तिफण होती आणि मी चाडं, म्हणजे मुठीनं बी सोडायचं नरसाळं, धरायची. नळी तुंबली की बी चाड्यातच वर यायचं, लगेच कळायचं. या यंत्रात काय चाललंय ते कोंब वर आल्याशिवाय कळत नाही, ही माझी जुनी तक्रार.

रानवाट

दादा टेन्शन घेऊ नका. दोन लिटर डिझेल ओता, रात्रभर राहू द्या, सकाळी दांड्याच्या टोकावर घण हाणा. सुटलाच पाहिजे. आमच्या रोटाव्हेटरचा शाफ्ट असाच सोडवला होता.

चाडंवाली

दादा नाही, ताई. डिझेल ओतून झालं, घणही हाणून झाला. दांडा तिथंच आहे, तीन नंबरची वाटी मात्र तडकली. आता दोन दुखणी.

खटपट्या (बार्शी)

ताई, घण ठेवून द्या आधी.

मी २२ वर्षं हेच करतोय, जून आणि ऑक्टोबरमध्ये माझ्या शेडपुढं पेरणी यंत्रांची रांग असते. निम्म्या लोकांनी येण्याआधी डिझेल ओतलेलं असतं. रोटाव्हेटरचा शाफ्ट नुसत्या गंजानं धरतो, तिथं तेल चालतं. तुमचा दांडा खतानं धरलाय. खत म्हणजे मीठ. मीठ डिझेलमध्ये विरघळतं का? नाही. पाण्यात विरघळतं. उलट डिझेलचा थर बसला की पाणी आत शिरायला वेळ लागतो. त्यामुळं पहिल्यांदा धुण्याची पावडर टाकून ते डिझेल धुऊन काढा.

मग पाणी उकळा. कोमट नाही, चुलीवर हंड्यात खळखळ उकळलेलं. एकेका रोलरवर तांब्यानं सावकाश ओता, पाच-सहा तांबे एकाच रोलरवर, मग पुढचा. यात दोन कामं होतात. खत विरघळतं हे एक. दुसरं म्हणजे अल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रोलर अल्युमिनियमचा आणि दांडा लोखंडी, म्हणजे रोलरचं भोक दांड्यापेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. गरम असतानाच दांड्याच्या टोकाला पाना लावून थोडं पुढं, थोडं मागं असं हलवा. गोल फिरवायची घाई नको. हलायला लागला की पुन्हा पाणी. दोन दिवस लागले तरी लागू देत.

पांढरी भुकटी दिसेल, ती अल्युमिनियमचा गंज. ती पाण्यानं जात नाही. धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, मग तिथं गंज सोडवायचं तेल मारा. तेलाची पाळी शेवटी. ठोकायचंच झालं तर लाकडाची ठोकळी मध्ये धरून. वाट्या ओतीव असतात, त्या वाकत नाहीत, तुटतात. ते तुम्हाला कळलंच आहे.

आणि कुणी गॅसचा टॉर्च लावा म्हणेल, लावू देऊ नका. लोखंड तापताना लाल होऊन सांगतं. अल्युमिनियम काही सांगत नाही, रंग न बदलता एकदम ओघळतं. शिवाय आत खत असलं की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो तो वेगळाच.

बुडाचं सांगतो. तुमचा वेल्डिंगवाला खोटं बोलला नाही. गंजक्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही. पण भंगाराचं बोलला ते चुकला. सांगाडा, फण, चाक, बियाण्याची पेटी चांगली आहे तर एका पत्र्यासाठी यंत्र का टाकायचं? कुजलेलं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत या. १८ गेजचा तुकडा आतून लावा, सगळीकडून दोन बोटं चढता, आणि पॉप रिव्हेट मारा. जोडावर सीलंट भरा. मग रेड ऑक्साइड, वर इपॉक्सी रंग. स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावायचा मोह होईल, तो आवरा. खताच्या ओलीत स्टील आणि साधं लोखंड चिकटून बसलं की स्टील तसंच राहतं आणि शेजारचं लोखंड जास्त वेगानं जातं.

निलंगेकर

ताईंनी नवीन यंत्राचाही विचार ठेवावा. कृषी यांत्रिकीकरणात महिला शेतकऱ्यांना आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो. फक्त पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधी घेऊन मागून बिल जोडलं तर चालत नाही.

चाडंवाली

धन्यवाद निलंगेकर भाऊ. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळं कागदाला मी महिला शेतकरी नाही, फक्त महिला आहे. ते प्रकरण वेगळं काढू कधीतरी. हरभरा तोवर थांबणार नाही.

खटपट्या दादा, आज हंडा चढवते.

काळी_माती (परभणी)

बाकी लोक दांड्याच्या मागं लागलेत, मला बुटक्या ओळींबद्दल विचारायचंय. मी कृषी पदवीधर, घरची शेती करतो.

ताई, एक काम करा. ज्या बांधाकडून पेरणी सुरू केली तिथून ओळी मोजत जा आणि बुटकी ओळ कितवी ते लिहून आणा. निदान सात-आठ बुटक्या ओळींपर्यंत. ट्रॅक्टर जाऊन-येऊन पेरत होता की रानाला गोल फेरे घालत होता तेही सांगा.

चाडंवाली

जाऊन-येऊन. लिंबाच्या बांधापासून सुरू केलं होतं.

सकाळी पोरीला घेऊन मोजलं. ती वहीत लिहीत होती. चौथी, सातवी, चौदावी, सतरावी, चोविसावी, सत्ताविसावी, चौतिसावी. पुढं पाऊस आला.

काळी_माती (परभणी)

मग सापडलं. तुमची चार नंबरची खताची नळी.

बघा कसं. पहिल्या फेरीत ओळी १ ते ५, त्यातली चौथी बुटकी. ट्रॅक्टर वळून परत आला की यंत्र उलटं होतं, म्हणजे सहावी ओळ पाच नंबरच्या नळीची आणि सातवी चार नंबरची. तिसरी फेरी पुन्हा सरळ, चौदावी. चौथी फेरी उलटी, सतरावी. तीनचं अंतर, सातचं अंतर, पुन्हा तीन, पुन्हा सात. रोग-किडीला पाढे येत नाहीत, त्यामुळं हे यंत्राचंच काम. मधली तीन नंबरची नळी बिघडली असती तर बरोबर दर पाचवी ओळ बुटकी झाली असती. कडेची बिघडली असती तर शेजारी-शेजारी दोन ओळींच्या जोड्या दिसल्या असत्या.

बी पडलंय, कारण रोपं आहेत. खत पडलं नाही. शेजारच्या ओळीतलं खत का मिळालं नाही, असं वाटेल. डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत चालत नाही, जिथं पडलं तिथंच बसतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर जास्तच. अठरा इंचांवरच्या डीएपीचा या ओळीला काही उपयोग नाही.

आता शेंगा भरल्यावर त्या ओळींना वरून डीएपी टाकू नका, पैसे मातीत. पुढच्या पेरणीआधी चार नंबरची वाटी नीट बघा.

चाडंवाली

वाचून मी तशीच उठून पडवीत गेले.

चार नंबरच्या रोलरला खाचाच नाहीत! म्हणजे आहेत, पण खत ठासून बसलंय आणि वरून गुळगुळीत झालंय, लाटण्यासारखं. फिरत असणार, पण खत उचलत नसणार. आणि हे यंदाच्या घमेल्यातलं नाही. खालचा थर जुना, पिवळट, नखानं निघत नाही.

मग वर पाहिलं. पेटीच्या झाकणाची बिजागरी बरोबर चार नंबरच्या डोक्यावर गंजून तुटलीय. तिथून पाणी आत. मी दरवर्षी ताडपत्री टाकते, पण ताडपत्रीची घडीसुद्धा तिथंच फाटलेली! बूड कुजलं तेही तिथंच. तीन वेगवेगळी दुखणी समजून बसले होते, निघालं एकच.

घरात सांगितलं तर सासरे म्हणाले, बिजागरी तुटून तीन वर्षं झाली, मी तेव्हाच म्हणालो होतो. कुणाला म्हणाले होते ते मात्र त्यांनाही आठवत नाही.

रानवाट

ताई, दादा म्हणालो त्याबद्दल सॉरी. आणि मी पण आमचं सोयाबीन मोजून आलो. आमच्या कडेला जोड्या आहेत 😐

चाडंवाली

हिशोब द्यायला आले, नाहीतर मागाहून वाचणाऱ्याला कळत नाही पुढं काय झालं. दहा दिवस लागले.

डिझेल धुतलं. उकळतं पाणी तीन हंडे. पहिल्या दिवशी काही नाही. पुतण्या हसत होता, यंत्राला न्हाणी घालताय का म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी पाना लावला तर बारीक कुईं आवाज आला आणि दांडा करंगळीएवढा सरकला. त्यानंतर पाच मिनिटांत पुतण्याच पाना सोडेना. संध्याकाळपर्यंत दांडा बाहेर. धुतलेलं पाणी लिंबोणीपासून लांब ओतलं, एवढं खत एका आळ्यात गेलं असतं तर झाड जळलं असतं.

रोलर पाच. चार घासून निघाले, खाचा दाभणानं कोरल्या. चार नंबरचा खाल्ला गेला होता. लातूरला गंजगोलाईत तीन दुकानं फिरले, जुना रोलर पिशवीत घेऊनच. चौकोनी भोकाचं माप सारखं दिसतं पण नसतं, त्यामुळं नमुना न्यावाच. तो आणि तीन नंबरची वाटी दोन्ही मिळालं. नवीन रोलर नायलॉनचा आहे. दुकानदार म्हणाला याला खत धरत नाही. बघू.

बुडाला खटपट्या दादांनी सांगितल्याप्रमाणं तुकडा मारला. वेल्डिंगवाल्यानंच मारला, रिव्हेटचं पिस्तूल त्याच्याकडंच होतं. त्यावर मी माझी एक भर घातली. निळा प्लास्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम फुटका पडला होता, तो उभा कापून उन्हात सपाट केला आणि पेटीच्या उतरत्या बाजूंना आतून अस्तर लावलं. खत सरसर घसरतं. वाट्यांच्या तोंडाशी अस्तर नेलं नाही, तिथं कड उचलली तर अडकेल. झाकणाला नवी बिजागरी, वर जुन्या ट्यूबची पट्टी.

काळी_माती (परभणी)

छान. आता मोजल्याशिवाय रानात नेऊ नका. पाच फण, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, म्हणजे पट्टा सव्वादोन मीटर. सव्वादोन मीटरचा पट्टा ४५ मीटर चालला की एक गुंठा होतो. एकरी एक बॅग, ५० किलो डीएपी द्यायचंय तर गुंठ्याला सव्वा किलो, एका नळीला २५० ग्रॅम. हरभरा एकरी ३० किलो धरला तर नळीला १५० ग्रॅम. चाकाचा घेर सुतळीनं मोजा, ४५ मीटरला किती फेरे ते काढा. यंत्र उचलून धरा, नळ्यांना पिशव्या बांधा, चाक तेवढे फेरे फिरवा, तोला.

चाडंवाली

चाकाचा घेर बरोबर सव्वा मीटर निघाला, म्हणजे ३६ फेरे. पोरगी मोजत होती, पुतण्या फिरवत होता, मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले.

पहिल्यांदा: ३१०, ३००, ३०५, ३००, १९०.

चार नंबर सुधारला म्हणून खूश होते, तर पाच नंबर रुसला. उघडून पाहिलं तर रोलरला खताच्या पोत्याच्या शिलाईचा दोरा गुंडाळलेला! पोतं उसवताना दोरा पेटीत पडतो, आपण बघतही नाही. काढला. खत कमी-जास्त करायची पट्टी दोन घरं मागं घेतली. २४५, २५०, २६०, २५०, २४०. यापुढं मी नाद सोडला. चाड्यावर माझी मूठ तरी कुठं एवढी सारखी होती.

मग मोकळ्या रानात ४५ मीटर ओढून पुन्हा तोललं. सगळं मिळून ११६० ग्रॅमच आलं.

खटपट्या (बार्शी)

चाक घसरतंय. ढेकळात थोडं घसरतंच. चाकाची स्प्रिंग थोडी आवळा, पट्टी अर्धं घर पुढं करा आणि रानातलाच आकडा खरा माना. चाकाच्या दातांत चिखल भरला की अजून घसरतं, प्रत्येक वळणावर बघायला सांगा. अजून एक, ट्रॅक्टरवाल्याला सांगा फण जमिनीत असताना मागं घ्यायचं नाही. नळीच्या तोंडात माती गेली की तुमचा नवा रोलर काय करणार?

हंगाम संपला की पेटी पाण्यानं धुवा, वाळवा, मगच तेलाचा हात. नळ्यांना तेल लावू नका, रबराच्या असल्या तर फुगतात.

चाडंवाली

स्प्रिंग आवळली, १२३० आलं. बास.

खंडेनवमीला विळे-कोयते, पास, कुळव सगळं धुऊन मांडलं तेव्हा यंत्रालाही हळदकुंकू लागलं. सासऱ्यांनी झाकण उघडून निळं अस्तर बघितलं, बिजागरी दोनदा वरखाली केली आणि बंद केलं. बोलले काही नाहीत.

सोयाबीन काढून झालं, परवापासून हरभरा. बुटक्या सगळ्या ओळी खुणेच्या काठ्या लावून वेगळ्या कापायच्या मनात होत्या, किती नुकसान झालं ते तोलायला. पण मळणी यंत्र आलं आणि त्या गडबडीत सगळं एकाच ढिगात गेलं.

रानवाट भाऊ, तुमच्या कडेच्या जोड्यांचं काय निघालं ते लिहा.

रानवाट

पाच नंबरची नळी वरून निघून लोंबत होती ताई. खत सगळं फणाच्या मागं, वर-वरच पडत होतं. एका क्लिपचं काम होतं. हंडा नाही लागला.